वरच्या खोलीतले परतकाका

तायडीचे ओठ निळे पडले होते आणि हा माणूस जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा राहून मनगटावरचं घड्याळ बघत होता.

सकाळचे आठ वाजले असतील. चार वर्षांची पोर जिन्याखाली पडली होती. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. माझी थोरली सून तिचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती. मी कांदा फोडून पोरीच्या नाकाशी धरला होता. आणि हा वरून मोजत होता.

"सहा मिनिटं," तो म्हणाला. "कुशीवर करा तिला. तोंडात काही घालू नका. आजी, कांदा ठेवा."

"मुडद्या, पोरगी चाललीय आन तू घड्याळ बघतुयास?" मी म्हणाले. पुढं त्याच्या आईपर्यंत गेले, ते लिहीत नाही.

"सात," तो म्हणाला.

मग खाली आला, अनवाणीच रस्त्यावर पळाला आणि समोरून जाणारा दुधाचा टेम्पो आडवा होऊन थांबवला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, झटका किती वेळ होता? थोरली म्हणाली, तासभर. मी म्हणाले, दोन मिनिटं. ह्यानं खिशातून कागद काढून पुढं ठेवला. कधी सुरू झाला, आधी कुठला हात वाकडा झाला, डोळे कुठल्या बाजूला गेले, थांबला कधी. अकरा मिनिटं. डॉक्टरनं कागद वाचला आणि नर्सनं भरलेली सुई बाजूला ठेवून दुसरी भरायला सांगितली.

त्याला दिलेली शिवी मी परत घेतली नाही. पण नंतर पुन्हा कधी दिली नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. त्यालाच नावाचा तिटकारा होता. बारामतीला आमचं घर आहे, खाली आम्ही आणि वर एक खोली. थोरला मुलगा डेअरीत कामाला आहे, तो, थोरली, त्यांची तायडी आणि मी इथं राहतो. धाकटा त्याच्या बायकोबरोबर कळसला, आमच्या वस्तीवर. पूर्वी आमची मेंढरं घाटाखाली जायची. आता उसाच्या बांधाला वीस-पंचवीस राहिलीत, तीही धाकट्याला सोडवत नाहीत म्हणून. तर वरची खोली रिकामी होती आणि हा आला. पन्नाशीचा, पाठीत वाकलेला, कपड्यांची एक पिशवी आणि कॉम्प्युटरची चार खोकी. पुण्यात फार माणसं नाव विचारतात, म्हणाला.

लग्न केलं नव्हतं. का, ते मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाला, "राहून गेलं." म्हणजे त्याच्या रीतीनं ते खरं होतं. कारण कुठलीही गोष्ट तीनदा ऐकल्याशिवाय खरी धरायची नाही, ही त्याची खोड. कळसची एसटी किती वाजता, हे मला विचारायचा, मग थोरलीला विचारायचा, मग तायडीला. तिघींचं एक आलं तरच स्टँडवर जायचा. तोपर्यंत एसटी गेलेली असायची. "परत सांगा," हे त्याचं पालुपद. त्यावरून तायडीनं त्याचं नाव परतकाका पाडलं. तेवढं एक नाव त्यानं चालवून घेतलं.

त्याचं काम काय, हे मला सहा महिने कळलं नव्हतं. दिवसभर खोलीत बसून काळ्या पडद्याकडं बघायचा. एकदा मी ज्वारी निवडत होते, तो शेजारी येऊन बसला, तेव्हा विचारलं.

"माणसाच्या रक्तात एक पोथी असते आजी," तो म्हणाला. "लई मोठी. चारच अक्षरं, पण तीच पुन्हा पुन्हा, कोट्यवधी. त्यातलं एखादं अक्षर चुकलं तर माणूस आजारी पडू शकतो. ती पोथी मशीन वाचतं आणि मशीननं वाचलेलं जुळवायचं सॉफ्टवेअर आम्ही करतो."

"जुळवायचं म्हंजी? फाटलीया व्हय पोथी?"

"आम्हीच फाडतो. तीस प्रती घ्यायच्या आणि सगळ्यांच्या चिंध्या करायच्या. मग एकेक चिंधी कुठल्या पानावरची ते सॉफ्टवेअर शोधतं. तीस चिंध्या एकावर एक बसल्या आणि सगळ्यांत तेच अक्षर निघालं की ते खरं. एकदा वाचलेलं वाचलेलं नसतं."

"आन फाडता कशाला मग?"

"मशीनला लांब ओळ सलग वाचता येत नाही."

"मग मला ठिवा की कामाला. मी चौथी पास हाय, आख्खी ओळ वाचती."

तो इतका हसला की ज्वारीचं सूप उपडं झालं. मग एकेक दाणा वेचत बसला, मला हात लावू दिला नाही.

नावाचा तिटकारा त्याला ह्याच कामातून लागला होता. त्याच्याकडं लोकांच्या पोथ्या येत, पण कुणाच्या ते कळत नसे. फक्त नंबर. नाव कळलं की माणूस घोळ घालतो, ओळखीच्याला झुकतं माप देतो, असं तो म्हणायचा. ही सवय खाली माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली. आम्ही चार दिवस जेजुरीला गेलो होतो, तेवढ्यात ह्यानं माझ्या सगळ्या डब्यांना नंबर चिकटवले. का, तर एकदा थोरलीनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. हळद सात, मीठ दोन, साखर अकरा. मीठ आणि साखर शेजारी येऊ नयेत म्हणून मध्ये आठ डबे. मी संतापून नंबर खरवडायला घेतले, तर कसल्या गोंदानं लावले होते कुणास ठाऊक, निघेनात. महिनाभरानं मीच थोरलीला म्हणाले, "सात नंबर घाल जरा जास्त." तो जिन्यातून ऐकत होता. तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते पोर पास झाल्यावर बापाच्या तोंडावर येतं.

पळसदेवला धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला एकदा गेला. येताना कोळ्यांकडून चिलापी मासे घेऊन आला, आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, हे कितव्या डब्यात?" शनिवार होता. मी झाडू घेऊन मागं लागले.

तायडीला झटके यायला लागले ती तीन वर्षांची असताना. आधी महिन्यातून एक, मग आठवड्याला. औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाले, पोरगी दिवसभर पेंगायची आणि तरी झटका यायचाच. बोलायची ते शब्द एकेक करून गळायला लागले. परतकाका म्हणायची, ते नुसतं काका झालं. डॉक्टर म्हणाले, असं चालू राहिलं तर एखाद्या झटक्यात ती जाईल. पोरीचं आणि आईबापाचं रक्त पुण्याच्या लॅबला पाठवून पोथी वाचून घ्या, त्यात काही सापडलं तर नेमकं औषध देता येईल.

तिघांचं रक्त गेलं. महिन्यानं कागद आला, नमुने जुळत नाहीत, परत पाठवा. परत पाठवलं. परत तोच कागद. ह्यात पोरीचे दोन महिने गेले. आम्हाला वाटलं, लॅबवाल्यांनीच नळ्यांचा घोळ केला. मी तर तिकडं जाऊन त्यांना झाडायला निघाले होते.

आता खरं लिहिते. थोरलीला आठ वर्षं मूल नव्हतं. धाकटीला एक मुलगी होती आणि दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मीच ठरवलं की हे मूल थोरलीच्या ओटीत घालायचं. धाकटीला विचारलं, पण विचारलं म्हणजे सांगितलंच. ती बाळंत झाली कळसच्या वस्तीवर, गाडी यायच्या आधीच. नाळ मी कापली. जन्माची नोंद करताना आईच्या जागी थोरलीचं नाव आणि बापाच्या जागी थोरल्याचं नाव मीच सांगितलं. मग चौघांना बिरोबापुढं उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला, की ही गोष्ट पोरीला कळणार नाही आणि घराबाहेर जाणार नाही. आमच्यात भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. इतका संपला की मलाही आठवेना. झटके सुरू झाले तेव्हा मी थोरलीला म्हणाले होते, "तुझ्या माहेरचं काय आलंय का बघ. आमच्यात न्हाय आसलं." ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. मी पाणी प्यायला गेले तेव्हा माठापाशी मला आठवलं.

तर रक्त दिलं ते थोरल्यानं आणि थोरलीनं. कागदावर आईबाप तेच होते. दुसरं काही आमच्या डोक्यातच आलं नाही.

दुसरा कागद आला तेव्हा थोरलीनं तो वर नेऊन त्याला दाखवला होता. त्यानं कागदावरचा नंबर वाचला आणि थोरली म्हणते, तो खुर्चीत बसला. मग खाली येऊन मला विचारलं, "आजी, रक्त कुणाकुणाचं घेतलं?"

"पोरीचं आन तिच्या आईबापाचं."

"परत सांगा."

परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. तीस वेळा विचारलं असतं तरी तेच आलं असतं. त्याची रीत तिथं उपयोगाची नव्हती. मान हलवून तो वर गेला. हे जिन्याखालच्या झटक्याच्या आदल्या दिवशी.

अकरा मिनिटांचा तो झटका झाल्यावर पोरीला आत ठेवून घेतलं. दुपारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. तो दोन चहा घेऊन आला. पायात कुणाच्या तरी चपला होत्या.

"आजी, मेंढी मेली आणि कोकरू राहिलं तर काय करता?"

मला वाटलं, माझं मन रमवायला विचारतोय. "दुसऱ्या मेंढीला लावायचं. जिचं कोकरू मेलंय तिला."

"ती घेते?"

"आशी कशी घील? हुंगती आन ढुसणी मारून लोटून देती. मग तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं आन ह्याच्या पाठीवर बांधायचं. वास येतो, तिला वाटतं माझंच हाय. चार दिसांनी कातडं काढायचं. तवर दोघांस्नी सवय लागल्याली आसती."

"परत सांगा."

परत सांगितलं. सांगता सांगता कातड्यापाशी मी अडखळले. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

"ते कातडं मेंढीला पुरतं," तो म्हणाला. "गावाला पुरतं, कचेरीला पुरतं. आमच्या सॉफ्टवेअरला वास येत नाही आजी. त्याला कातडं दिसतच नाही."

मी चहा खाली ठेवला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला माणसं माहीत नाहीत, एक नंबर माहीत आहे. त्या लॅबचं अडलेलं काम माझ्याकडं येतं, तीन आठवडे तो नंबर माझ्या टेबलावर पडलाय. पोरात अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं उतरतं, ते सॉफ्टवेअर आधी जुळवून बघतं. लॅब म्हणते नळी बदलली. पण नळी बदलली असती तर बापही परका निघाला असता. ह्या नंबरातली आई परकी आहे. बाप परका नाही. बाप चुलत्याएवढा जुळतो."

आत कुणाचं तरी पोर रडत होतं, तायडीचा आवाज नव्हता तो.

"पोरीत कायतरी सापडलं का न्हाय, तेवढं सांगा."

"सापडल्यासारखं दिसतंय. पण हे रक्त त्याच पोरीचं आहे, ह्याची खात्री झाल्याशिवाय ते कागदावर येणार नाही. नाहीतर एकीचं औषध दुसरीला जाईल. तो नियम मीच लिहिलाय."

"मग तुमीच खोडा."

"नाही खोडणार."

"आमच्या पोरीसाठी बी?"

"तुमच्या पोरीसाठी तर नाहीच," तो म्हणाला. "खऱ्या आईबापाचं रक्त आलं तर चार दिवसांत काम होईल. डॉक्टरांना एकट्याला सांगा. नळीवर नाव जाणार नाही, नंबर जाईल. आणि आजी, मी तुम्हाला फक्त मेंढीबद्दल विचारलं. नंबराबद्दल बोलणं मला मना आहे. बोललो हे कळलं तर मला घरी बसवतील."

मी उठले आणि आत गेले. थोरली पोरीचा हात धरून बसली होती. मी सांगितलं की डॉक्टरला खरं सांगते.

"आत्या, भंडारा उचललाय," ती म्हणाली.

"मी उचलायला लावला, मीच खाली ठीवती. काय व्हायचं ते मला हुईल."

"आन कागदावर तिची आई ती झाली म्हंजी? उद्या ती न्यायला आली म्हंजी मी काय करू?"

"पोरगीच न्हाय ऱ्हायली तर काय न्हेतील?"

हे मी बोलायला नको होतं. पण तेव्हा मला दुसरं सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

थोरली उठून व्हरांड्यात गेली आणि सगळा राग त्या माणसावर काढला. "तुमाला जेवाय घातलं मी. तुमच्या त्या मशीनला आय कळती का? चार वर्सं कोण जागलं ते दिसतंय का तुमच्या मशीनला?"

"नाही दिसत," तो म्हणाला. "वहिनी, ते त्यात येत नाही. चूक आहे ती."

धाकटा आणि धाकटी कळसहून संध्याकाळच्या आत आले. धाकटीनं आधी विचारलं, पोरीनं काही खाल्लं का. मग थोरलीसमोर जाऊन उभी राहिली. दोघी जावा चार वर्षं एकमेकींशी नीट बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं. बोलायला गेलं की तेच वर आलं असतं.

"आक्का," धाकटी म्हणाली, "रगात द्यायला आलीया. पोरगी न्यायला न्हाय."

थोरलीनं सरकून तिला बाकावर जागा दिली.

डॉक्टर मला रागावले. खोट्या नोंदीबद्दल, गेलेल्या दोन महिन्यांबद्दल. ऐकून घेतलं. रागवायला कारण होतं. नळ्यांवर फक्त नंबर गेले.

रिपोर्ट चार दिवसांत नाही आला, नऊ दिवसांत आला. मधल्या पाच दिवसांत तो माणूस वर येरझाऱ्या घालत होता, ते खाली आम्हाला ऐकू यायचं. पोथीत एक अक्षर चुकलं होतं. आईकडूनही तेच आणि बापाकडूनही तेच, म्हणून पोरीत ते दुप्पट झालं. धाकटी माझ्या सख्ख्या भावाची लेक. मामाची मुलगी म्हणून मीच करून आणलेली. म्हणजे ते अक्षर माझ्या माहेरचं. मी थोरलीच्या माहेराला नाव ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी तिला म्हणाले, "माझ्यातनं आलंय ते." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्या. भाकरी वाढू का?"

औषध म्हणजे एका जीवनसत्त्वाची गोळी. रोज, जन्मभर. पोरीचं शरीर ते जीवनसत्त्व नीट वापरत नाही, म्हणून जास्त द्यायचं. झटके आधी विरळ झाले, मग थांबले. गळालेले शब्द सगळे नाही आले परत. अजून बोलताना मध्येच थांबते, शोधते. पण परतकाका परत आलं.

थोरली त्याच्याशी दोन महिने बोलली नाही. त्याचा जेवणाचा डबा वर जायचा, पण लोणच्याशिवाय. त्यानंही तक्रार केली नाही. एक दिवस खाली येऊन त्यानं थोरलीपुढं एक छापील कागद धरला. त्यांच्या सॉफ्टवेअरमधला फॉर्म म्हणाला, माहिती भरायचा. पूर्वी त्यात आई असा एकच रकाना होता. आता दोन होते. एक, जन्म दिलेली आई. दुसरा, सांभाळणारी आई. वरिष्ठ नको म्हणत होते, रक्ताच्या कामात ह्याचा उपयोग काय. ह्यानं भांडून घातला. आता रक्त घ्यायच्या आधीच विचारतात, आणि मग कुणाचे दोन महिने जात नाहीत.

थोरलीनं कागद वाचला. "परत सांगा," ती म्हणाली. त्यानं परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. त्या दिवशी डब्यात लोणचं गेलं.

तो गेल्या वर्षी गेला. हृदयाचा झटका, पुण्यात, भावाकडं गेला असताना. फोन आला तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, थोरल्याला दोनदा परत फोन करायला लावला. तिन्ही वेळा तेच सांगितलं. खोली अजून कुणाला दिलेली नाही. डब्यांचे नंबर तसेच आहेत.

तायडी नऊ वर्षांची झाली. तिला अजून सांगितलेलं नाही, ती मोठी झाली की दोघी आया मिळून सांगतील असं ठरलंय. म्हणून इथं कुणाचं खरं नाव नाही.

त्या सकाळी जिन्यापाशी आम्ही चौघं होतो. मी, थोरली, तायडी आणि तो. आता आम्ही तिघी आहोत.